डाव्या चाकाची चकती

गॅरेजमध्ये त्याला सगळे 'खातरजमा' म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तोही ओ देई. एकोणतीस वर्षं तो चाकांचं आणि ब्रेकचंच काम करत होता आणि एवढ्या काळात त्याने आवळलेला एकही नट रस्त्यात सुटला नव्हता. त्याचं श्रेय तो हुशारीला देत नसे. "मला चैन पडत नाही, एवढंच," म्हणे. ते खरंच होतं. ठरलेल्या ताणाला 'टक्' असा आवाज करणारा लांब दांड्याचा टॉर्क पाना त्याच्याकडे होता. सगळे नट आवळून झाले की तो पाना पुन्हा एकदा फिरवायचा. गिऱ्हाईक गाडी सुरू करून बसलेलं असे आणि हा परत चाकापाशी उकिडवा. कोणाच्या घरी गेला तरी बसण्याआधी खुर्ची हलवून बघायचा. बायको सांगायची, "पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाबांच्या स्कूटरचं मागचं चाक डुगडुगत होतं, सगळं लक्ष तिकडे."

अशा माणसाच्या भाचीने गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायला सुरुवात केली, तेव्हा त्याच्या जिवाला काय घोर लागला असेल ते सांगायला नको. भाची औषधांच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होती. महिन्यातल्या एका रविवारी ती ट्रॅकवर जाई. तिची आई, म्हणजे त्याची थोरली बहीण, सुरुवातीला अडून बसली होती. शेवटी भावाला म्हणाली, "चाकं तू बघणार असशील तर जाऊ दे. तुझ्या शब्दावर पाठवतेय."

या वर्षी भाचीने पुढच्या चाकांना मोठे ब्रेक बसवले आणि नवीच अडचण उभी राहिली. रिमची आतली बाजू ब्रेकला घासायला लागली. चाक थोडं बाहेर घ्यायचं तर चाक ज्यावर बसतं तो हब आणि चाक यांच्यामध्ये पाच मिलीमीटर जाडीची धातूची चकती घालायला हवी. तिला स्पेसर म्हणतात.

"हबचं आणि चाकाचं बरं चाललंय," मामा म्हणाला. "मध्ये तिसरा कशाला?"

"मामा, सगळे घालतात."

"सगळ्यांची आई माझी बहीण नाही."

महिनाभर त्याने टाळलं. मग तयार झाला, पण स्वतःच्या अटींवर. भाचीने आणलेली पहिली जोडी हबवर किंचित हलत होती, ती त्याने परत पाठवली. चकती हबवर अंगठीसारखी बसली पाहिजे, नाहीतर चाक मधोमध राहत नाही. नेमकी जाडी मिळेना म्हणून दोन पातळ चकत्या एकावर एक ठेवू, असं ती म्हणाली तेव्हा त्याने उत्तरसुद्धा दिलं नाही. योग्य जोडी आल्यावर त्याने चाक लावून नट हाताने फिरवला आणि वेढे मोजले. साडेपाच. चकतीच्या जाडीने, नट ज्यावर चढतो त्या आट्यांच्या दांड्याची, म्हणजे स्टडची, लांबी खाल्ली होती.

"स्टड जितका जाड, निदान तितकी लांबी तरी नटाच्या आट्यांत शिरली पाहिजे," तो म्हणाला. "याला आठ वेढे हवेत. साडेपाचावर तू फक्त दुकानापर्यंत जायचंस, तेही चालत."

लांब स्टड आले. आता अकरा वेढे बसले. हबवरचा गंज त्याने तारेच्या ब्रशने घासला, आट्यांना तेलाचं बोटही लागू दिलं नाही, आणि चाकं चढवली.

त्या रविवारी गाडी ट्रेलरवर घालून दोघं ट्रॅकवर पोचली. दिवस साधा नव्हता. क्लबच्या शर्यतीच्या संघात घेण्यासाठी एकाच दिवसात तीन फेरे स्वच्छ चालवून दाखवायचे होते. एक जरी फेरा चुकला तर दिवस बाद, आणि पुढची संधी चार महिन्यांनी. गेल्या खेपेला पावसाने, त्याच्या आधी क्लचने तिचा घात केला होता.

पहिला फेरा वीस मिनिटांचा. ती वीस मिनिटं मामा कठड्याजवळ एका जागी उभा राहू शकला नाही. शेजारी दुसऱ्या एका गाडीचा मेकॅनिक घडीच्या खुर्चीत आरामात पसरला होता.

"बसा हो. तुम्ही चाललात म्हणून ती काही जास्त पळणार नाही."

"मी बसलो म्हणून तरी कुठे पळणार आहे," मामा म्हणाला आणि चालत राहिला.

गाडी आली. चाकं गार होईपर्यंत तो थांबला, कारण तापलेल्या नटावर पाना लावला तर तो खोटं बोलतो. मग एकेक नट तपासला. उजव्या चाकाचे सगळे जागच्या जागी टक् म्हणाले. डाव्याचे तीन नट किंचित फिरले आणि मग टक् म्हणाले.

"नवीन आहे, बसतंय," तो म्हणाला. पहिल्या फेऱ्यानंतर थोडं होतं असं. तरी त्याला चैन पडेना.

दुसऱ्या फेऱ्यानंतर भाची हेल्मेट काढत म्हणाली, "वेळ मस्त आली, मामा. ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग जरा थरथरतंय. पॅड नवीन आहेत म्हणून असेल."

चाकं गार झाल्यावर मामाने पाना लावला. डावं चाक. पुन्हा तेच तीन नट, आणि या वेळी जवळजवळ पाव वेढा.

"चाक काढतो," तो म्हणाला.

"आत्ता? वीस मिनिटांत तिसरा फेरा आहे. आता झाले ना घट्ट? टक् तर म्हणाले."

"मघाशीही म्हणालेच होते."

"मामा, एकच फेरा उरलाय."

"माहीत आहे मला किती उरलेत ते."

ती पाणी प्यायला गेली, पाठ वळवून. मामाने जॅक लावला, चाक उतरवलं, चकती ओढून काढली आणि हातात घेऊन नुसता बघत राहिला.

चकतीच्या सपाट तोंडावर, चाक जिथे टेकतं तिथेच, पिवळ्या रंगात 'डावी' असं लिहिलेलं होतं. अक्षर त्याचंच. काढलेली वस्तू परत आपल्याच जागी गेली पाहिजे, म्हणून गॅरेजमध्ये उतरवलेल्या प्रत्येक भागावर नाव घालायची त्याची सवय होती. एरवी तो कडेवर लिही. ही चकती इतकी पातळ की कडेवर ब्रश मावेना, म्हणून तोंडावर लिहिलं. उजवीवर काहीच लिहिलं नव्हतं. एक डावी ठरली की उरलेली उजवीच, त्यात खातरजमा करण्यासारखं काय? गंजाचा कणही चालणार नाही म्हणून हब घासत बसलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने मध्ये ऑइलपेंटचा थर घातला होता. ब्रेकच्या उष्णतेने रंग मऊ पडला, दाबाखाली चेपला, जितका चेपला तितका नटांचा ताण उतरला. 'डा'चा काना पसरून सपाट झाला होता.

थिनरची बाटली पेटीत होती, चिंधीही. भाची अजून नळापाशी होती. दोन मिनिटांत पुसून चाक चढवता आलं असतं. कोणाला कळलं नसतं. आणि एवढा एक फेरा स्टडनी काढलाही असता, बहुतेक.

'बहुतेक' या शब्दापाशी त्याचा हात थांबला. सैल होत, ताण खात हे स्टड दोन फेरे धावले होते. त्यांच्या आत काय झालं असेल ते वरून दिसत नाही.

भाची आली. त्याने चकती तिच्यापुढे धरली.

"माझं अक्षर आहे," तो म्हणाला.

तिने वाचलं. नखाने रंग खरवडला. समजायला तिला वेळ लागला नाही, ती रोज प्रयोगशाळेत काचेवरचा डागसुद्धा शोधणारी.

"पुसून लाव ना मग."

"लावतो. पण या स्टडवर तू जायचं नाहीस. नवे घालीन, मग."

"नवे गॅरेजमध्ये आहेत."

"हो."

ट्रॅकच्या अधिकाऱ्याने भोंग्यावर तिसऱ्या फेऱ्याच्या गाड्यांना रांगेत बोलावलं. भाची हेल्मेट हातात धरून उभी होती. मामाला वाटलं, ती ओरडेल तर बरं. ती ओरडली नाही.

"तू मला आठ वेढे शिकवलेस," ती म्हणाली. "चार आठवडे तेच ऐकतेय मी. आणि हे?"

"चुकलं माझं."

"चार महिने, मामा."

"हो."

गाड्या गेल्या. शेजारचा मेकॅनिक एकदा खुर्चीतून उठला, चकतीकडे बघितलं, काही न बोलता परत बसला. ते मामाला फार लागलं.

मग त्याने बहिणीला फोन केला. नंतर सांगू, असं त्याला वाटलं होतं, पण हात ऐकेना.

"झालं का?" बहिणीने विचारलं.

"नाही. तिसऱ्याला गेली नाही. चाक सैल होत होतं. माझ्यामुळे."

"तिला लागलं का?"

"नाही."

"नीट बोल. लागलं का?"

"नाही गं. इथेच आहे, माझ्यावर चिडून बसलीय."

"तिला फोन दे."

भाचीने फोन घेतला आणि पाठ वळवून बराच वेळ नुसतं "हो", "हो" म्हणत राहिली. परत दिला तेव्हा बहिणीने फोन ठेवलेला होता.

"काय म्हणाली?" मामाने विचारलं.

"म्हणाली, तुझ्या शब्दावर पाठवलं, आणि तूच शब्द पाळून थांबवलंस, तर आता भांडायचं कुणाशी ते कळत नाहीये तिला." मग स्वतःचं सांगितलं. "आणि यापुढे चाकं मी लावायची. तू बघायचंस. हात न लावता."

मंगळवारी संध्याकाळी नवे स्टड ठोकून झाले. ते काम मात्र त्याला करू दिलं. मग भाचीने त्याला बाजूला केलं. चकतीची दोन्ही तोंडं थिनरने पुसली, नख फिरवलं, चाक चढवलं, नट हाताने फिरवत मोठ्याने मोजले, आणि टॉर्क पाना घेऊन आधी समोरासमोरचे, मग उरलेले, असे आवळत गेली. टक्. टक्.

मामा दोन पावलांवर उभा होता. त्याने हात खिशात घातले, काढले, मागे बांधले, पुन्हा खिशात घातले.

"आणखी एकदा..." त्याने सुरुवात केली.

"मामा."

तिने पाना उचलून पहिल्या नटापासून परत सुरुवात केली.