यंत्राच्या कपाळी कुंकू

यंत्र कधी खोटं बोलत नाही. आमच्या नेमबाजी क्लबच्या अध्यक्षांनी क्रोनोग्राफचं उद्घाटन करताना हे वाक्य माइकवरून दोनदा म्हटलं होतं, आणि मला ते पटलंही होतं. भाषणातलं काही पटण्याची सवय नसल्यामुळे ते लक्षात राहिलं.

क्लब म्हणजे कडा गावाच्या बाहेर, बंद पडलेल्या दूध संकलन केंद्राची पत्र्याची शेड. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तिची किल्ली माझ्याकडे असते, कारण माझी भाची तिथं एअर रायफलचा सराव करते. क्रोनोग्राफ ही बुटाच्या खोक्याएवढी पेटी. तिच्या वरच्या अंगाला काचेचे दोन डोळे असतात. छर्रा वरून जाताना त्याची सावली आधी एका डोळ्याला दिसते, मग दुसऱ्याला. मधल्या वेळावरून पेटी वेग सांगते. रायफलीतल्या हवेचा दाब नीट आहे की नाही, हे त्यावरून कळतं.

दसरा झाला आणि भाचीच्या रायफलीचे आकडे बिघडले. नेहमी सेकंदाला एकशे सत्तर मीटरच्या आसपास राहणारा वेग एकदम दोनशेच्या वर जाई, पुढच्या छऱ्याला एकशे तीसवर येई, मधेच नुसतं ‘एरर’. पुण्याच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, हवा धरणारं सील गेलं असणार, रायफल पाठवून द्या, दिवाळीनंतर मिळेल. विभागीय स्पर्धा दिवाळीच्या आधी होती. तिथं निवड झाली नाही तर वर्ष गेलं. दुसऱ्याची रायफल ऐनवेळी खांद्याला बसत नाही.

भाची रायफलीची पेटी उघडायची, बघायची आणि परत लावायची, एवढंच करत राहिली.

मी आधी उजेडावर संशय घेतला. यंत्राच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, की ट्यूबलाइटच्या लुकलुकण्यानं डोळे फसतात. दिवे बंद केले, शटर वर केलं. तर ऊन थेट पेटीवर आलं. तेही चालत नाही. मग पेटीच्या वर माझं पांढरं धोतर बांधून उजेड गाळून घेतला. पत्र्याखाली धोतराचा मांडव घातलेला बघून भाची म्हणाली, “मामा, आता मुंडावळ्या तेवढ्या राहिल्या.”

आकडे तसेच उड्या मारत राहिले.

“पण निशाण्याचा कागद बघा की,” ती म्हणाली. “वेग येवढा खालीवर झाला असता तर भोकं पण खालीवर झाली असती. ही तर एकाच जागी हायत.”

कागद बरोबर बोलत होता. पण कागदाला उद्घाटन नव्हतं, त्यामुळे त्याच्याकडे आम्ही कुणी लक्ष दिलं नव्हतं. मी क्लबची जुनी रायफल काढून दिली. तिचे आकडेही तसेच वेडेवाकडे. दोन रायफलींची सीलं एकाच आठवड्यात जातील, एवढं नशीब वाईट असायला आम्ही निवडणूक लढवत नव्हतो.

रायफली रिकाम्या करून बाजूला ठेवल्या. मी चष्मा पुसला आणि पेटीवर वाकलो. पुढचा डोळा लाल होता. मागचाही, जरा कमी. हळदीकुंकवाचा ओला लावलेला टिळा, आता वाळून तडकलेला, त्यावर चिकटलेली अक्षत.

तेव्हा खंडेनवमी आठवली. अध्यक्षांनी सगळ्या रायफली सतरंजीवर मांडून स्वतः पूजा केली होती. फोटोवाला ‘झालं’ म्हणेपर्यंत प्रत्येक टिळ्यावरचं बोट उचललं नव्हतं. त्या रांगेत शेवटी क्रोनोग्राफही होता.

त्यांना फोन केला.

“अध्यक्षसाहेब, पेटीच्या डोळ्यांवर कुंकू लावलं होतं का?”

“लावलं की. कावून?”

“डोळ्यांवरच?”

“मग कुठं लावणार, गुरुजी? त्याला कपाळ सापडंना.” मग म्हणाले, “लई बिघडलं का?”

“न्हाई. आंधळं झालं होतं.”

“पूजेनं कुणी आंधळं हुतं व्हय?”

मी फोन ठेवला.

भाचीनं कापसाचा बोळा ओला करून डोळे पुसले, मग कोरड्या फडक्यानं. जोरात घासू नको, असं मी दर वेळी सांगत होतो आणि ती दर वेळी “हो मामा” म्हणत होती. अक्षत तिनं उंबऱ्याबाहेर टाकली. मग धोतराखाली पेटी सरळ केली, रायफल भरली आणि पहिला छर्रा सोडला. एकशे एकाहत्तर. पुढचा एकशे सत्तर. मग पुन्हा एकशे एकाहत्तर. ती पुढं मारतच राहिली, आकडे शहाण्यासारखे शेजारी शेजारी बसत गेले, आणि मी दुधाच्या जुन्या कट्ट्यावर टेकलो. किती दिवसांनी पाठ टेकली, असं वाटलं. पुण्याला फोन करून रायफल पाठवत नाही म्हणून सांगितलं. दुरुस्तीवाला म्हणाला, सीलच असणार, बघा.

“मामा,” रायफल पेटीत ठेवत भाची म्हणाली, “आता हारले तर रायफलीला नावं ठेवता यायची न्हाईत.”

“न्हाई,” मी म्हणालो.

ती हसली. कितीतरी दिवसांनी.

स्पर्धेत तिची निवड झाली, यादीत शेवटची. सत्काराच्या भाषणात अध्यक्षांनी श्रेय खंडेनवमीच्या पूजेला दिलं. पुढच्या वर्षी पूजेला क्रोनोग्राफही होता. मी तो खोक्यातून काढला नव्हता.