आईला लिहिलेल्या पत्राचा तुकडा

ती सकाळ अजूनही डोळ्यांसमोरून हलत नाही. मुंबई पोलिसांतून निवृत्त होऊन मी मुलाकडे शारजात, अल नहदाला राहायला आलो होतो. सुनेच्या स्वयंपाकघरात लुडबुड करण्यापेक्षा बरं, म्हणून एका संग्रहालयात सुरक्षा सल्लागाराचं काम धरलं. तिथे प्राचीन इजिप्तमधले पपायरस होते. पाणवनस्पतीच्या पट्ट्या जोडून केलेला तो कागद, त्यावर कुठे चित्रलिपी, कुठे ग्रीक अक्षरं.

त्या सकाळी फोन आला तो संग्रहालयाच्या पहारेकऱ्याचा, मूळच्या पेशावरच्या. "साब, एक टुकडा गायब है. कॅमेरे में मॅडम झुकके कुछ उठाती दिखती है. यल्ला, जल्दी आओ!"

तुकडा नखाएवढा, पण होता एका मुलाने आईला ग्रीकमध्ये लिहिलेल्या पत्राचा. मॅडम मूळच्या पुण्याच्या, असे जीर्ण कागद दुरुस्त करणाऱ्या. तुकडा जागेवर नाही हे सकाळी त्यांनीच कळवलं होतं. मी फुटेज पाहिलं. पाठमोरी बाई वाकते, हात जमिनीकडे नेते, मग तोच हात कोटाच्या पुढच्या बाजूला जातो आणि ती चौकटीबाहेर निघून जाते. मलाही चोरीच दिसली. टेबल, पर्स, कचऱ्याचा डबा, सगळ्याची झडती होऊन गेली होती. व्यवस्थापक इंग्रज. दुपारपर्यंत तुकडा मिळाला नाही तर प्रकरण पोलिसांकडे देणार, असं त्याने सांगून टाकलं. म्हणजे बाईंची नोकरी जाणार, व्हिसा जाणार आणि मुलीची शाळाही अर्धवट सुटणार.

मी जबाब घ्यायला बसलो, मराठीतच.

"काल संध्याकाळी वाकून काय उचललंत?"

"मी वाकलेच नाही, सर."

"कॅमेऱ्यात दिसतंय, मॅडम."

"दिसत असेल. पण मला खरंच आठवत नाही."

पोलीस ठाण्यात अशा उत्तरावर आमचा आवाज चढायचा. इथे मात्र एक गोष्ट खटकत होती. चोराला स्वतःची काळजी असते. ही बाई सारखी विचारत होती, "त्या लेटरवर काच ठेवलीय ना? एसीने ह्युमिडिटी उतरली तर तडकेल हो ते."

तेवढ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. "आई, आर यू पिकिंग मी अप ऑर नॉट?"

"येते गं," बाई म्हणाल्या. फोन ठेवताना कोपर लागून जबाबाचा कागद खाली पडला आणि त्यांच्या बुटाखाली आला. त्या वाकल्या. कागदाला बोटं लावली, तीच बोटं छातीला आणि कपाळाला टेकवली, कागद उचलून माझ्या हातात दिला. हे करताना बोलणं काही थांबलं नव्हतं. "मी तिला काय सांगू, सर?"

मी खुर्चीत ताठ झालो.

"आत्ता काय केलंत?"

"कुठे काय?"

"पाय लागलेला कागद तुम्ही कचऱ्यात टाकता का?"

"छे! वर कुठेतरी ठेवते." आणि त्या एकदम उठून उभ्याच राहिल्या. "काका, टिपकागद!"

पपायरस किंचित ओला करून सपाट करताना वरखाली टिपकागद घालतात. कालचा एक खाली पडला होता, पाय लागला म्हणून नमस्कार होऊन कपाटावर गेला होता. त्याच्याच मागच्या बाजूला तो तुकडा चिकटून बसला होता. व्यवस्थापकाला हे समजावताना माझ्या इंग्रजीची तारांबळ उडाली. "यू अपॉलजाइज टु पेपर?" तो बघतच राहिला. मग त्याने बाईंची माफी मागितली, आणि मनापासून मागितली.

माणसाला आपलं वाईट काम बरोबर आठवतं. लहानपणी आईने लावलेली सवय मात्र त्याची त्यालाच दिसत नाही. तेव्हापासून कुणी 'आठवत नाही' म्हणालं, की मी आधी त्याच्या घरच्या गोष्टी विचारतो.

जाण्याआधी बाईंनी ते फुटेज पाहायला मागितलं. त्यांच्या आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. पडद्यावर पाठमोरी बाई वाकली, तिचा हात वर गेला.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "ही मी नाही हो. ही माझी आई."

मी पहारेकऱ्याला म्हटलं, "भाई, एक बार फिर दिखाओ."