आधीचं कुणी नाही

मंगळावर माणसं कायमची राहायला जाणार, हा विषय आमच्या घरात घेवडा निवडताना निघाला. सुनेला पहिल्या बाळंतपणाला न्यायला विहीणबाई आल्या होत्या. माझा मुलगा मलकापूरला नोकरीला असतो, तोही सुट्टी काढून आला होता. मोबाइलमध्ये काहीतरी बघत तो सासूला म्हणाला, "मामी, तुमचं नातवंड मोठं होईस्तोवर मंगळावर वस्ती झालेली असेल. एकदा गेलं की परत यायचं नाही."

"परत न्हाई? मग आमच्यावानीच म्हणा की," विहीणबाई म्हणाल्या. "कुणी उठिवलं त्यास्नी?"

"उठवलं नाही कुणी. हौसेनं जाणार."

"हौसेनं गाव सोडत्यात? खाऊन लय झालं असंल."

सून हसली. विहीणबाईंचं माहेर-सासर दोन्ही साताऱ्याच्या डोंगरातलं. दोन्ही गावं धरणात गेली. सरकारनं त्यांना इकडं सांगलीच्या बाजूला, कुंडलजवळच्या आमच्या गावाच्या ओढ्यापलीकडं आणून वसवलं. आम्ही त्याला वसाहत म्हणतो. इतकी वर्षं झाली तरी वसाहतच म्हणतो. त्या वस्तीला नाव आहे, पण ते आमच्या तोंडात बसत नाही.

"तिथं श्वास घ्यायला हवा नाही, आई," सून म्हणाली. "पाणी आहे म्हणतात, पण बर्फ होऊन बसलंय."

"आमास्नी बी सांगितलं व्हतं, नळ हाय म्हणून. नळ व्हता. पाणी न्हवतं."

"पण एक बरं आहे, मामी," मुलगा म्हणाला. "तिथं आधीचं कुणी नाही. म्हणजे भांडणच नाही."

"मग जमंल की त्यांचं, पाव्हणं," घेवड्याची शीर ओढत विहीणबाई म्हणाल्या.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. माझा हात मात्र थांबला.

मनातली ही बोच मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेली नाही. वसाहतीला दिलेली जमीन आमच्याच गावातल्या लोकांकडून काढून घेतलेली होती. आमच्या घरचीही गेली होती. गावात राग होता. पण माझं काय गेलं होतं? मी नुकतीच लग्न होऊन आलेली. मीही त्या गावात वसायलाच आले होते.

त्या उन्हाळ्यात वसाहतीतल्या बायका आमच्या मळ्यातल्या विहिरीवर आल्या. सासूबाई आणि भावकीतल्या बायका धुणं धूत होत्या. हनुवटीवर गोंदलेली एक तरणी बाई पायऱ्या उतरून कळशी भरून वर आली. सासूबाई नुसत्या "ठेव ती खाली" म्हणाल्या. ती घुटमळली. मी पुढं झाले, तिच्या कमरेवरची कळशी ओढली आणि धुण्याच्या दगडावर ओतली. म्हणाले, "तुमचं अख्खं गाव पाण्यात हाय न्हवं? तितलं प्या जा."

बायका हसल्या. सासूबाईंनी ते वाक्य घरी सगळ्यांना कौतुकानं सांगितलं. नव्या सुनेला घरात जागा करावी लागते. माझी त्या दिवशी झाली.

पुढं मुलाला मुली बघताना वसाहतीतली मुलगी सांगून आली. आईच्या हनुवटीवरचं गोंदण मी ओळखलं आणि होकार दिला. नवरा कुरकुरला, भावकीनं नाकं मुरडली, मी हटले नाही. मोठ्या मनाची बाई, असं लोक म्हणाले. मी म्हणू दिलं. मनात धरलं, की फिटलं. एकच कळत नव्हतं. कळशी ओतणारी कोण, हे विहीणबाईंना माहीत आहे का? विहिरीवर तेव्हा आम्ही बऱ्याच जणी होतो, सगळ्यांच्या डोक्यावर पदर. सण झाले, जेवणं झाली, तरी थांग लागला नाही.

सून आणि मुलगा बॅग भरायला आत गेले, तेव्हा मी म्हणाले, "विहीणबाई, तुमची कळशी ओतली ती मी."

त्यांनी हातातली शेंग मोडून टोपलीत टाकली.

"ठावं हाय."

"कवापास्नं?"

"तवापास्नं. आवं, जिनं वतली तिचं त्वांड कुणी इसरतंय व्हय?"

"मग मुलगी कशी दिली या घरात?"

"हीर तुमची हाय म्हणून." त्यांनी पुढची शेंग घेतली. "तासगावचं बी स्थळ व्हतं, द्राक्षबागवालं. आमचं मालक तिकडं देऊ म्हणत व्हतं. मी म्हटलं, न्हाई, त्याच घरात द्यायची. त्या हिरीवनं माझ्या पोरीला आता कोण माघारी धाडतंय? आन् तिच्या पोराला तर तुमचा गावच मूळचा म्हणंल."

मला वाटलं होतं, त्या रडतील, नाहीतर चार शब्द सुनावतील. मग मी पाय धरले असते. तेवढी तयारी मी कितीतरी वर्षं करून ठेवली होती. त्यांनी ती वेळच येऊ दिली नाही. मी समजत होते, त्यांच्या मुलीला मी पदरात घेतलं. त्यांनी मात्र जागा बघून मुलगी वसवली होती. त्या जागेवर आधीचं कुणी आहे, ते कसं आहे, हे पुरतं ठाऊक असून.

मुलगा बाहेर आला. "मामी, गाडी काढू?"

"काढा." त्या उठल्या, लुगडं झटकलं, निवडलेला घेवडा माझ्याकडं सरकवला. "बाळंत झाली की सव्वा महिन्यानं धाडते दोघास्नी. हितलीच हायती ती."