डावं-उजवं

माझी आई हिरा पक्की डावरी. विळा डाव्या हातात, खुरपं डाव्या हातात. भातकापणीत उभ्या वडिवळे गावात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण डाव्या हातानं वाढणं अशुभ म्हणे, आणि या खुळापायी तिची दोन स्थळं मोडली. तिसरंही मोडलं तर पोर बिजवराला देणार, असं आजोबांनी जाहीर करून टाकलं होतं.

तिसरं स्थळ आलं आंदर मावळातून. नवरा मुलगा सीताराम, त्याचे वडील जानूआबा आणि मामा. माणसं डोंगर तुडवत आलेली, म्हणून आधी पानं मांडली. आजीनं सकाळीच आईला दम भरला होता, "आज उजव्या हातानं वाढ, बाई. डावा पदराखाली ठेव."

आईनं ठेवला. पण उजवा हात कसला ऐकतोय! जानूआबांच्या पानावर भाताचा ढीग, मामांपुढं चार शितं, आणि आमटी थेट सीतारामाच्या धोतरावर. जानूआबांनी आपलं पान पाहिलं, मेहुण्याचं पाहिलं आणि हसून म्हणाले, "पोरी, आसं डावं-उजवं बरं न्हवं."

पंगतीत डावं-उजवं करायचं म्हणजे एकाला जास्त, दुसऱ्याला कमी. आपल्या माणसाला झुकतं माप. शेंबड्या पोरालाही कळतं हे. पण आईचा सगळा जीव त्या लपवलेल्या हातात. तिला वाटलं, बिंग फुटलं.

"व्हय, हाय मी डावरी!" ती फणकारली. "करायची तर करा सून, न्हाईतर ऱ्हाऊ द्या!"

आजीनं कपाळावर हात मारून घेतला. मामांनी पान मागं सारलं. जानूआबांना मात्र हसता हसता ठसका लागला.

"आरं, म्या मापाचं बोललो, ही हाताचं बोलती! जिला लपवाछपवी जमत न्हाई, तीच सून मला पायजे. वाढ पोरी, तुज्या हातानं वाढ."

आईनं पदर खोचला आणि डाव्या हातानं पुन्हा पंगत वाढली. सगळ्यांना अगदी सारखं. मामांनीही गुमान पान पुढं ओढलं. मला तर हे ऐकताना दर वेळी टाळ्या वाजवाव्याशा वाटतात.

सीतारामानं, म्हणजे आमच्या बाबांनी, तोवर तोंड उघडलं नव्हतं. आता भाताकडे बघत ते हळूच म्हणाले,

"समद्यांना सारखं झालं, ब्येस झालं. पर मला वाईच डावं-उजवं केलं, तरी चालंल."

आई लाजून चूर झाली. पण वाढलं तिनं, चांगलं दोनदा.