केलीच्या फीचा वशिला

चहा घ्या, आणि आधीच सांगते, हसायचं नाही. बरं, हसलात तरी चालेल, पण माझ्या नवऱ्यासमोर नको. आधीच तो हा किस्सा येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतो!

आम्ही अमेरिकेत, सनीव्हेलला होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या मुक्ताला संध्याकाळी सांभाळायला केली यायची. एकोणीस वर्षांची, गुणी पोर, पण पाठीशी कुणी नाही. आई-वडील सांभाळू शकले नाहीत म्हणून सरकारने आज या घरी, उद्या त्या घरी ठेवलेली. फॉस्टर केअर म्हणतात तिकडे. अठरा पूर्ण झाली की तेही संपतं. तिला नर्स व्हायचं होतं. अशा मुलांना कॉलेजच्या फीसाठी मदत मिळते, हेही तिनेच शोधून काढलं. फक्त कॉलेजच्या त्या ऑफिसात एकटीने जायची धास्ती.

"तुम्ही नुसत्या शेजारी बसाल का?" तिने विचारलं.

नुसतं बसायचं? मी? अहो, आमच्या साताऱ्यात ॲडमिशनला कुणी नुसतं जातं का? सोबत वजनदार माणूस नेतात! मी सिल्कची साडी नेसले आणि निघाले.

टेबलापलीकडे चष्मा लावलेल्या एक बाई. केलीचे कागद बघता बघता त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही कोण?"

"मी हिची मावशी!"

बाईंनी केलीचे सोनेरी केस बघितले, माझी टिकली बघितली. "म्हणजे नातेवाईक?"

घ्या! माझ्या वशिल्यावरच संशय? "नातेवाईक काय, आईच म्हणा ना! आमचीच मुलगी आहे ही!"

"तुमच्याकडेच राहते?"

"जेवणं, झोपणं, सगळं आमच्याकडेच!" खरं तर रविवारी वरणभात खाऊन सोफ्यावर डुलकी काढायची, तेवढंच.

केलीने टेबलाखालून माझा पाय दाबला. मला वाटलं, पोरगी म्हणतेय, मावशी, अजून जोर लावा!

"मिस्टर काय करतात?"

"चिप डिझाइन! मॅनेजर आहेत. दोन गाड्या आहेत, आता घर बघतोय!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "वा, छान. मग हिची फी तुम्हीच भराल. ही मदत ज्यांना घरचं कुणी नाही, त्यांच्यासाठी आहे."

केली पांढरीफटक पडली. माझ्या जिभेपायी पोरीचं कॉलेज चाललं होतं हो!

"नाही नाही!" मी खुर्चीतून उठलेच. "मी कुणी नाही तिची! आई नाही, मावशी नाही, ओळखसुद्धा जेमतेम आहे! आणि गाडी एकच आहे, दुसरी नवऱ्याच्या मित्राची!"

आता केलीलाच तोंड उघडावं लागलं. "मी यांच्या मुलीला सांभाळते. या फार प्रेमळ आहेत. थोड्या जास्तच."

बाई चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या. "कायद्याने हिला कुणी नाही, हे कोर्टाच्या कागदावर आहे. मला तेवढं पुरे. बाकी तुम्ही हिच्या कोण, ते तुमचं तुम्ही ठरवा."

झालं काम! त्या बाईंना मी आजही मनातून हात जोडते. वशिला नसलेल्या पोरीसाठीच उघडं ठेवलेलं दार मी तिथे पहिल्यांदा बघितलं. पार्किंगमध्ये केली गळ्यात पडून रडली आणि मीही मनसोक्त रडले.

पुढे पोरगी शिकली. पदवीदानाला मी लाडवांचा डबा घेऊन गेले. दारावरच्या मुलाने विचारलं, "केलीच्या फॅमिलीपैकी का?"

मी काय आता फसते होय? ठणकावून सांगितलं, "मुळीच नाही! मी तिची कुणीही नाही!"

"मग सॉरी मॅडम, आत फक्त फॅमिली."

अर्धा तास उन्हात उभी! शेवटी नर्सची पांढरी टोपी सावरत केली शोधत बाहेर आली. माझा हात धरून त्या मुलाला म्हणाली,

"ही माझी मावशी आहे. आणि प्लीज, हिला काही विचारत जाऊ नका!"