झाकणावरचा फुगवटा

“म्याडम, ह्यो टेंगूळ कसला?” आबांनी माझ्या स्क्रीनवर बोट टेकवलं.

आबा म्हणजे आमच्या टूलरूमचे सगळ्यात जुने फिटर. भांडगावच्या आमच्या कारखान्यात त्या दुपारी एका पंपाच्या झाकणाची डाय, म्हणजे साचा, मशीनवर कटिंगला लागली होती. ड्रॉइंग हरवलेलं. कस्टमरकडे जुनं झाकण तेवढं एकच. ते लेझरने स्कॅन करून मी मॉडेल बनवलं होतं.

स्कॅनर पृष्ठभागावरचे लाखभर पॉइंट टिपतो. कॉम्प्युटर ते त्रिकोणांनी जोडतो आणि आम्ही त्यावर गुळगुळीत सरफेस चढवतो. चकाकीला लेझर फसतो, म्हणून पार्टवर आधी पांढरा स्प्रे मारतात.

“डिझाइनच तसं आहे, आबा. स्कॅनमध्ये स्वच्छ आलंय.” माझा तोरा काय विचारता! तो फुगवटा मी छान गोलसुद्धा करून दिला होता.

“आवो, तीस वर्सं पंप खोलतोय. झाकनाला तितं काय बी नसतंय.”

पार्टवर फुगवटा म्हणजे डायमध्ये खड्डा. फिनिशिंगचा, म्हणजे शेवटचा बारीक कट चालू होता. खड्डा पडला की डायचा अख्खा पोलादी ब्लॉक भंगारात. आमचे मॅनेजर सर सकाळीच म्हणाले होते, “ही डाय चुकली तर राजीनामा घेऊनच या.”

“मशीन थांबवा!” ओरडतच मी शॉपवर पळाले. ऑपरेटरने लाल बटण दाबलं. आधीच्या रफिंगचा, म्हणजे ओबडधोबड कापणीचा जाड कटर त्या अरुंद जागेत मावलाच नव्हता. बारीक कटर बोटभर अलीकडे थांबला.

रॅकवरचं झाकण घेऊन अंगठ्याने पांढरं पुसलं. खाली पिवळं-लाल. नख लावलं, तर तांदळाचा दाणा निघाला.

“आरं देवा!” आबांचा चेहरा पडला. “खंडेनवमीला मशीनी पुजल्या, तवा ह्ये बी टेबलावर व्हतं. म्याच हळद-कुंकू आन् अक्षता लावल्या.”

मी तेव्हा दौंडहून नागपूरच्या गाडीत होते, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला. पूजा पाहिलीच नव्हती. आल्यावर न पुसता थेट स्प्रे मारला. शुद्ध गाढवपणा!

तेवढ्यात सर आले. “कट का थांबवला?”

“चूक माजी हाय, सर,” आबा म्हणाले.

“नाही सर. पार्ट पुसायचं काम माझं होतं.”

सरांनी तो दाणा उचलून तळहातावर घेतला. “मॉडेलमधला फुगवटा काढा आणि डाय परत कटिंगला लावा.” राजीनाम्याचं नाव त्यांनी काढलं नाही.

डाय पास झाली. तेव्हापासून स्कॅनआधी पार्ट मी स्वतः धुते, आणि स्क्रीनवर न कळणारा आकार दिसला की आधी पार्टला हात लावून बघते.

आबा रिटायर होईपर्यंत दरवर्षी मी नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी टेबलाशी येऊन विचारायचे, “म्याडम, ह्यातलं काय काय पुजायचं न्हाई?”