किरायेदारांची गुढी

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आईला ठाऊक होतं. तिनेही कुणाजवळ विषय काढला नाही — माझ्याशिवाय.

परदेशी हलक्याफुलक्या प्रेमकथांत पूल असतो, कॅफे असतं. बघता बघता तो अख्खा देशच त्या जोडप्यासारखा खेळकर वाटू लागतो. आपल्याकडे गच्ची असते. पतंग, वाळत घातलेल्या ओढण्या, शेजारची मुलगी — झाला भारत! मला असले सिनेमे फार आवडतात. म्हणून सिनेमावाल्यांनी आमची ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरममधली गच्ची मागितली, तेव्हा मी हरखून गेलो. शूटिंग नेमकं पाडव्याला आलं.

आईने सकाळीच गुढी उभारली होती. दिग्दर्शकाचा तरुण सहायक वर बघून म्हणाला, "भैया, ये क्या है? फ्रेम में अपना इंडिया दिखना चाहिए."

आमच्या किती पिढ्या ग्वाल्हेरात गेल्या. हाही तोच इंडिया — एवढं म्हणायला काय लागत होतं? मी म्हणालो, "किरायेदारों की है. मराठी लोग हैं. अभी उतार देता हूँ."

आणि उतरवली. संध्याकाळी उतरवायची गुढी — दुपारही न होऊ देता, नैवेद्य न दाखवता.

वळलो तर जिन्यात आई. हातात कडुनिंब-गुळाची वाटी. तिने ऐकलं होतं? त्या मुलाच्या हातावर तिने चिमूटभर ठेवलं. "लो बेटा, थोड़ा कड़वा है."

"आंटी, आप ही किरायेदार हैं?"

मी खाली बघितलं. आई म्हणाली, "हाँ बेटा. बहुत पुराने."

त्या क्षणी तिने मला उघडं पाडलं असतं, तर? तिने मला सांभाळलं. पुढे दर पाडव्याला मात्र विचारायची, "काय मालक, उभारू का गुढी?" आणि खुदकन हसायची. मीही हसायचो. आई, चुकलो — हे एकदाही म्हणालो नाही.

आता ती नाही. तो सिनेमा टीव्हीवर लागतो, मुलगी ओरडते, "बाबा, देखो ना, आपली गच्ची!" नायक-नायिका कठड्याला टेकून हसत असतात. त्यांच्यामागे, जिथे काठी बांधली होती तिथे, आईच्या बोटांचं हळदीकुंकू दिसतं. त्या भारतात आम्ही तेवढे उरलो आहोत. ते दिसलं की मी मनातल्या मनात हात जोडतो.

माझ्या लक्षात आलं नव्हतं, म्हणून ते राहिलं. आलं असतं तर मी तेही पुसलं असतं.